नवसाआधीं डॉक्टर

केळापूरच्या जगदंबेपुढें अपत्यासाठीं नवस बोलणाऱ्या स्त्रिया मीं अनेकदां पाहिल्या. परंतु तीच आस उरीं असूनही देवळाची पायरी न चढणारी स्त्री आपल्या दृष्टीस पडत नाहीं. तिची प्रसूति अडली. साह्य वेळेवर मिळालें नाहीं. बाळाचें मस्तक कटीच्या अस्थींत रुतून राहिलें, मूत्राशयाचा पडदा दबून मेला व तेथें छिद्र पडलें. बाळ बहुधा दगावतें. लघवी मात्र अहोरात्र झिरपत राहते. लोक तिला अपवित्र ठरवितात, आणि पुन्हां मूल मागणें हाही तिचा अपराध होतो!

वस्तुतः हें पाप नव्हे. साह्यास झालेला उशीर आहे. डॉक्टर यास फिस्टुला म्हणतात. बहुतेक वेळां तें छिद्र शस्त्रक्रियेनें बुजवितां येतें. इथिओपियांत अदिस अबाबा येथें हॅम्लिन दांपत्यानें १९७४ सालीं याच व्याधीसाठीं रुग्णालय काढलें. तेथें हजारों स्त्रिया बऱ्या झाल्या. बऱ्या झालेल्या स्त्रीस पुढें मूलही होऊं शकतें. मात्र जखम पुरती भरूं द्यावी, आणि पुढील प्रसूति रुग्णालयांत, पोटावरील शस्त्रक्रियेनेंच करवावी.

तेव्हां नवस अवश्य बोलावा. पण त्याआधीं तिला डॉक्टरांकडे न्यावें. आईपणाची तिची आस रास्त आहे. तिच्याआड आपली लाज येऊं नये.