जाड अक्षर
(युवकांच्या बैठकीतील भाषण)

मला कवितेवर बोला म्हणाले. मी अक्षरावर बोलणाराय. आधी अक्षर दिसलं पाहिजे, कविता मग.

गोदीत आम्ही अक्षरं वाचतो ती पेट्यांवरची. पत्रा कापून त्यातनं रंग मारलेली, जाडजूड. लांबून वाचता आली नाहीत तर माल भलतीकडं जातो. तिथं नाजूक वळण चालत नाही. मोर्च्यातल्या फलकाचंही तेच.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं सांगतो. १ फेब्रुवारी १९६८. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, दोघं काळे सफाई कामगार, पाऊस लागला म्हणून कचरागाडीच्या मागच्या पोकळीत शिरले. कचरा दाबणारं यंत्र सुरू झालं. चिरडले. १२ तारखेला १३०० कामगार संपावर गेले. पुढं त्यांच्या मोर्च्यात फलक आले. चार शब्द : आय अॅम अ मॅन. मी माणूस आहे. पगाराचा आकडा नाही, युनियनचं नाव नाही. म्हाताऱ्या काळ्यालाही गोरा 'बॉय' म्हणायचा, पोऱ्या! त्याला हे उत्तर. आणि 'अॅम'खाली एक जाड रेघ. ती रेघ बघा. आपल्यातले कवी दहा पानं खर्चून तिथवर पोचत नाहीत.

त्या फलकांवरनं ट्रे सील्स नावाच्या काळ्या अक्षरकारानं अलीकडं एक मुद्राक्षर घडवलं. नाव 'मार्टिन'. मार्टिन ल्यूथर किंग याच संपाच्या पाठीशी उभा राहायला मेम्फिसला आला, ४ एप्रिलला तिथंच गोळी घालून मारला गेला. हे अक्षर मथळ्याचं, घोषणेचं. त्यात अख्खा लेख छापाल तर डोळे फुटतील. टी-शर्टवर छापून विकतील म्हणता? विकतीलच. बाजार काय सोडतो!

देवनागरीत जाड करणं अवघड. शिरोरेघ, काना, मात्रा, वर जोडाक्षरं. 'क्ष' फुगवला की पोटातलं पांढरं बुजतं, लांबून नुसता डाग. मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी 'मोदक', 'बालू' ही जाड अक्षरं केली, फुकट मिळतात. काम पक्कं आहे. पण चेहरा गुबगुबीत, हसरा. वाढदिवसाच्या फ्लेक्सला ठीक. मैला माणसानं उपसू नये म्हणून १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, तरी माणूस गटारात उतरतोय, गुदमरतोय. त्याच्या फलकाला हसरं अक्षर लावणार काय?

पँथर हे नाव आपल्या लोकांनी १९७२ साली तिथल्या काळ्यांकडनं घेतलं. अक्षर घ्यायची गरज नाही, आपलं आहे. वस्तीच्या भिंतीवर चपट्या ब्रशनं निळ्या रंगात लिहिलेला 'जय भीम' तुम्ही पाह्यलाय. फ्लेक्स आला, पेंटर रिकामे झाले. भिंती तर पुनर्विकासात पडतायत. तेव्हा फोटो काढा, सरळ समोरून, बाजूला मोजपट्टी धरून. पेंटर हयात असेल तर त्याच्याकडनं अ ते ज्ञ लिहून घ्या. फुकट नाही, रोजाचे पैसे मोजून. 'भी'ची वेलांटी प्रत्येकाची वेगळी असते, ती आधी घ्या.