विल्क्स यांचा जिना

प्रोग्राम लिहायला शिकत असताना एखादी चूक शोधण्यात रात्र जायची आणि मला स्वतःच्या बुद्धीचीच शंका यायची. पुढे मॉरिस विल्क्स यांची आठवण वाचली आणि धीर आला.

केंब्रिज विद्यापीठात त्यांनी व सहकाऱ्यांनी बांधलेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालू झाला. पहिल्याच दिवशी त्याने ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापला. मग विल्क्स यांनी एक अवघड समीकरण हाती घेतले. प्रोग्राम जेमतेम १२६ ओळींचा! त्याची फीत पुढे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा तीत वीसेक चुका निघाल्या. त्या दिवसांत जिन्यावर विल्क्स यांच्या मनात आले, की उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार.

पण त्यांनी हात टेकले नाहीत. भागाकार, वर्गमूळ अशा गणिती रीती एकदा लिहून, तपासून कागदी फितींवर जपून ठेवल्या. ज्याला हवी त्याने ती आपल्या प्रोग्रामला जोडावी. यात डेव्हिड व्हीलर यांचा वाटा मोठा होता.

माणूस चुकणारच, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपल्या मोबाइलमधले प्रोग्रामही आज असेच, आधी कुणीतरी तपासून ठेवलेल्या तुकड्यांवर उभे असतात.