मरणानंतर बोलणारा ‘मी’

अपमान, आजार, संसारातील कलह अशा खाजगी गोष्टी कवी जेव्हा आडपडदा न ठेवता प्रथमपुरुषी एकवचनात मांडतो, तेव्हा त्या रचनेला कन्फेशनल, म्हणजे कबुलीजबाबाची, कविता म्हणतात. हे नाव १९५९ मध्ये रॉबर्ट लोवेल या अमेरिकन कवीच्या संग्रहाच्या निमित्ताने रूढ झाले असले, तरी अशी कविता मराठीला परकी नाही.

सतराव्या शतकातील तुकारामशिष्या बहिणाबाई (शिऊरच्या, खानदेशातील बहिणाबाई चौधरी नव्हेत) यांनी आपले आयुष्य अभंगांत सांगितले आहे. पाचव्या वर्षी तिशीच्या बिजवराशी झालेले लग्न, नवऱ्याची मारहाण आणि कोल्हापुरात लळा लागलेल्या वासराच्या मृत्यूने आलेली मूर्च्छा हे सर्व त्यांत आहे, आणि त्या मूर्च्छेतच त्यांना तुकारामांचा स्वप्नातील अनुग्रह झाला. शेवटी, १७०० मध्ये मरण जवळ आले असताना, बहिणाबाई मुलाला आपले मागील बारा जन्म सांगतात. या अभंगांत देह बदलत जातो, पण सांगणारी स्त्री एकच राहते. याउलट सिल्व्हिया प्लाथ या अमेरिकन कवयित्रीच्या १९६२ मधील ‘लेडी लॅझरस’ या कवितेतली स्त्री बघ्यांच्या गर्दीसमोर पुन्हापुन्हा मरून उठते आणि तिचा संताप कवितेच्या शेवटापर्यंत वाढत जातो. अशी रचना ऐकताना मरणाच्या वर्णनापेक्षा त्यानंतर बोलणारा ‘मी’ तोच आहे की दुसरा, इकडे श्रोत्याने कान द्यावा.

‘मी’ तोच की दुसरा, ही कसोटी तंजावरातील एका आख्यानात अधिक कठीण होते. तेथील भोसले घराण्याची सत्ता १८५५ मध्ये संपली, राजाश्रय गेला, तरी मराठी कीर्तनाचा प्रभाव ओसरला नाही. किंबहुना त्यानंतरच, मोरगावकर बुवांसारख्या मराठी कीर्तनकारांच्या प्रेरणेने, तंजावर कृष्ण भागवतर यांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तमिळ हरिकथेत, म्हणजे गायन आणि निरूपण यांनी रंगणाऱ्या आख्यानात, मुरवले. कवी गोपालकृष्ण भारती यांनी रचलेले ‘नंदनार चरित्रम्’ हे भागवतरांचे गाजलेले आख्यान होते.

त्यातला नंदन हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला शेतमजूर असून चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हा त्याचा एकच ध्यास आहे, आणि अखेर तो अग्नीत शिरून तेजस्वी ब्राह्मण मुनीच्या रूपात बाहेर येतो. मूळ कथा बाराव्या शतकातील ‘पेरिय पुराणम्’ या शैव संतचरित्रग्रंथातली. भारतींनी मात्र नंदनाच्या तोंडी विनवणीची, आर्जवाची पदे घालून त्याला स्वतःचा आवाज दिला. तो आवाज त्या मजुराचा नव्हे, ब्राह्मण कवीने त्याच्यासाठी घडवलेला आहे, हे विसरता येत नाही. शिवाय बहिणाबाईंचा ‘मी’ बारा मरणे ओलांडून पूर्वीचे सारे आठवतो, तर नंदनाला देवळाचे दार उघडते ते त्याच्या जातीची खूण जळून गेल्यावरच. अशा पुनर्जन्माला मुक्ती म्हणावे की नाहीसे होणे, हा प्रश्न आजच्या श्रोत्याला टाळता येणार नाही.

कर्नाटक संगीताच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, ‘नंदनार चरित्रम्’मधली पदे सुटी गायली जातात. आत येऊ का, असे नंदन विचारतो ते मांजी रागातील पद त्यांपैकी एक. ते ऐकताना केवळ रागाच्या करुणेत न रमता, विचारणारा अजून बाहेरच उभा आहे आणि अग्नी पुढे यायचा आहे, याचे भान श्रोत्याने ठेवावे, कारण भारतींच्या नंदनाचा मजूर असतानाचा आवाज अशाच पदांत ऐकू येतो.