पोलादी बांधणीचे आरेखन : नव्याने शिकणाऱ्यांसाठी
(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचे आमंत्रण देताना आपल्या चिटणीसांनी विषयही देऊन टाकला. ते म्हणाले, “आपली कित्येक मुलेमुली डिप्लोमा होऊन संगणकावरील ड्रॉइंगच्या वर्गांना जात आहेत, त्यांना दोन शब्द सांगा, आणि त्यांची फी भरणाऱ्या आईवडिलांनाही सांगा.” विषय रूक्ष आहे हे मी आधीच कबूल करतो. परंतु ज्या धंद्यात आपल्या घरची मुले आयुष्य घालवणार, तो धंदा आहे तरी काय, हे घरातील माणसांना ठाऊक असावे, म्हणून मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

कारखान्याची शेड असो, मेट्रोचे स्थानक असो अथवा पाण्याच्या टाकीचा मनोरा असो. अभियंता गणित करून ठरवतो की येथे अमुक मापाची तुळई, तेथे तमुक मापाचा खांब. पण त्या गणितावरून कोणासही लोखंड कापता येत नाही. तुळई नेमकी किती लांब कापायची, तिला भोके किती, कोणत्या अंतरावर, कोणत्या जाडीची प्लेट कोठे वेल्ड करायची, हे प्रत्येक तुकड्यागणिक कोणीतरी काढून द्यावे लागते. हे काम करणारा तो डिटेलर, आणि त्याच्या कागदाला म्हणतात शॉप ड्रॉइंग. एका मध्यम शेडसाठीही असे शेकडो कागद निघतात. आपल्या पुण्यात या विद्येची पाळेमुळे जुनी आहेत. सरकारी बांधकाम खात्यातील दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी १८५४ साली येथे जो वर्ग निघाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. आज याच शहरातील अनेक कचेऱ्यांत बसून आपली मुले अमेरिकेतील इमारतींची शॉप ड्रॉइंगे काढीत असतात. ज्या इमारती ती कधी पाहणारही नाहीत, त्यांचा प्रत्येक बोल्ट त्यांनी मोजलेला असतो!

आता या कामाचे महत्त्व किती, हे एका घटनेवरून सांगतो. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी नावाच्या हॉटेलच्या भव्य दालनात छतापासून पोलादी गजांनी टांगलेले पादचारी मार्ग होते. त्यांतील एक दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर व त्याच्या बरोबर डोक्यावर दुसरा, चौथ्या मजल्याच्या उंचीवर. मूळ योजनेत एकच अखंड गज छतापासून निघून वरच्या मार्गातून आरपार जाऊन खालच्या मार्गापर्यंत पोहोचत होता. एवढ्या लांब गजावर आटे पाडणे अडचणीचे, म्हणून शॉप ड्रॉइंगच्या वेळी एकाचे दोन गज करण्यात आले. एक छतापासून वरच्या मार्गापर्यंत, आणि दुसरा वरच्या मार्गापासून खालच्या मार्गापर्यंत. कागदावर हा फरक दोनचार रेघांचा. परंतु आपल्या आखाड्यातील दोरीचा मल्लखांब डोळ्यांपुढे आणा. दोन मुले एकाच दोरीला आपापल्या हातांनी लटकली, तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापलाच भार. पण खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरीवरचा भार तोच राहिला, वरच्याच्या मुठीवर मात्र दुप्पट झाला. तेथे ती मूठ म्हणजे वरच्या मार्गाच्या तुळईखालचा नट होता. १७ जुलै १९८१ रोजी दालनात नाचगाण्याचा कार्यक्रम चालू असता त्या तुळया नटांवरून फाटून सुटल्या आणि ११४ माणसे मृत्यू पावली. मूळ योजनाही नियमाच्या मानाने कमकुवतच होती, असे चौकशीत आढळले. बदलाने ती आणखी निम्म्यावर आली. तो बदल अनेक हातांतून गेला, त्यावर मंजुरीचे शिक्केही पडले. पण त्या एका सांध्याचे गणित पुन्हा कोणी केले नाही. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

यास्तव नवशिक्याला माझे सांगणे असे की, आधी लोखंड शिका, मग संगणक. बाजारात मात्र क्रम उलटा चालतो. वर्ग चालवणारे प्रथम कळा दाबायला शिकवतात, आणि तीन महिन्यांनी मुलगा घरी येतो तो बोटे सराईत आणि डोके कोरे घेऊन!

लोखंड शिकणे म्हणजे काय? प्रथम मापांचे पुस्तक हाती घ्या. ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या तुळईला आपल्याकडे आय.एस.एम.बी. ३०० म्हणतात, त्यातील ३०० ही मिलिमीटरमधील उंची होय. जुन्या हस्तपुस्तिकेत हिचे वजन मीटरला ४४.२ किलो दिले आहे, तर १९८९ च्या मानकात ४६ किलो. कारण वरखालच्या आडव्या पट्ट्यांची, म्हणजे फ्लँजांची, व मधल्या उभ्या भागाची, म्हणजे वेबची, जाडी बदलली. नाव तेच, माप निराळे. म्हणून कोणत्या सालचे पुस्तक वापरतो आहोत, हे आधी पाहावे. अमेरिकन तुळईचे नाव याहूनही फसवे. डब्ल्यू १२ × २६ यातील २६ म्हणजे फुटाला पौंडांत वजन खरे. पण १२ ही नाममात्र उंची, प्रत्यक्षात ती सुमारे सव्वाबारा इंच भरते. तो पाव इंच विसरणाऱ्याची प्लेट जागेवर बसत नाही. प्लेटचे वजन मात्र तोंडपाठ असावे. एक चौरस मीटर प्लेट दर मिलिमीटर जाडीस ७.८५ किलो भरते. म्हणजे १० मिलिमीटरची प्लेट ७८.५ किलो. याद्यांतील ढोबळ चुका या एका आकड्याने पकडता येतात.

दुसरी गोष्ट सांध्यांची. २० मिलिमीटरच्या बोल्टास २२ चे भोक, दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर बोल्टाच्या व्यासाच्या अडीचपटीहून कमी नको, आणि भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंतचे अंतर, यंत्राने कापलेल्या कडेस भोकाच्या दीडपट व हाताने गॅसने कापलेल्या कडेस १.७ पट, याहून कमी नको. हे आय.एस. ८०० मध्ये लिहिलेलेच आहे. पण पुस्तकात न सापडणारा प्रश्न असा की, त्या बोल्टावर पाना फिरेल काय? तुळईच्या वेबला अगदी लागून काढलेला बोल्ट पडद्यावर सुरेख दिसतो. वीस फूट उंचीवर पट्टा बांधून लटकलेल्या माणसाला मात्र तो आवळता येत नाही, आणि मग तो एकतर सैल राहतो किंवा गॅसने भोक वाढवले जाते. वेल्डचेही तसेच. जेथे वेल्डरचा हात व हत्यार पोहोचत नाही, तेथे वेल्डची खूण काढून काय उपयोग?

जस्ताच्या मुलाम्याविषयी एक इशारा देतो. जिन्याचे कठडे पाइपचे करून वितळलेल्या जस्तात बुडवतात. त्या जस्ताचे तापमान सुमारे ४५० अंश असते. पाइपची दोन्ही तोंडे वेल्डने बंद करून आरेखकाने हवेसाठी भोके दाखवली नाहीत, तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो व वितळलेले जस्त कामगारांच्या अंगावर उडते. एका छोट्या भोकाची ही किंमत आहे.

हे सारे पाहायचे असेल तर भोसरी, चाकण किंवा पिरंगुटच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात परवानगी घेऊन चार दिवस जाऊन उभे राहावे. फिटर तुमचा कागद कसा वाचतो, कोणते माप पुन्हा पुन्हा शोधतो, कोठे वैतागतो, हे पाहणाऱ्याला ड्रॉइंग कसे काढावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. फिटरला बेरीज-वजाबाकी करायला लावणारे ड्रॉइंग अपुरे समजावे. आणि हो, हे फिटर व वेल्डर वयाने व अनुभवाने मोठे असतात, त्यांना नम्रपणे विचारावे. पदविकेचा ताठा तेथे चालत नाही.

आता संगणकाकडे वळतो. मी त्याचा वैरी नाही. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि पुढे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर व ट्रेसिंगचा कागद यांना निरोप मिळाला. त्याबद्दल मी अश्रू ढाळीत नाही. टेक्ला, एस.डी.एस. टू, अॅडव्हान्स स्टील यांसारख्या नव्या प्रणालींत रेघा काढीत नाहीत, इमारतीची पूर्ण प्रतिमाच तिन्ही मितींत उभी करतात. मग तिच्यातून कागद, याद्या व भोके पाडणाऱ्या यंत्राच्या आज्ञादेखील निघतात. दोन तुकडे एकमेकांत घुसत असतील तर प्रणाली ते दाखवते. हे मोठेच साहाय्य आहे. पण सांध्याची कळ दाबली की प्रणाली तिच्यात आधी भरलेलेच आकडे घालते. ते या इमारतीस योग्य आहेत की नाहीत, हे तिला कोण सांगणार? पूर्वी हाताने काढताना हात मंद चाले, त्या वेळात शंका येई. आता शंका मुद्दाम काढावी लागते. म्हणून प्रत्येक प्रकारचा एक तरी सांधा स्वतः कागदावर मोजून पाहावा. अभियंत्याच्या ड्रॉइंगहून काहीही वेगळे करावेसे वाटले, मग ते कितीही सोयीचे असो, लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे, आणि बदलाचा क्रमांक व तारीख कागदावर घालावी. कॅन्सस सिटीच्या त्या गजाबद्दल एवढेच झाले असते तर!

आणि कागदाची जबाबदारी इमारत उभी राहिली की संपते असेही नाही. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी आपल्याच मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराजवळच्या शाहीर अमर शेख चौकात, जाहिरातफलकाचा पोलादी सांगाडा काढण्याचे काम चालू असता तो सिग्नलपाशी थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार माणसे गेली. सांगाडा चढवण्याचा जसा क्रम असतो, तसा उतरवण्याचाही असतो. कोणता भाग आधी धरायचा, कोणता मागाहून कापायचा, याचा विचार आधी कोणीतरी करून ठेवावाच लागतो.

पालकांना थोडेसे सांगतो. “नोकरीची हमी” अशी पाटी पाहून मोठी फी एकदम भरू नये. वर्गात शिकवणाऱ्याने स्वतः कारखान्यासाठी ड्रॉइंगे काढली आहेत काय, हे विचारावे. ऑटोडेस्क व टेक्ला यांच्या प्रणालींच्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य प्रती मिळतात, भारतीय मानकेही ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास विनामूल्य वाचता येतात. पहिले सहा महिने खर्च फार नाही, चिकाटी लागते. मुलींनाही या कामात अवश्य पाठवावे. येथे बळ लागत नाही, बारीक नजर लागते. पहिली दोन वर्षे पगार बेताचा असतो, हेही सांगून ठेवतो. जो चेकर होतो, म्हणजे दुसऱ्याचे कागद तपासू शकतो, त्याला मान व दाम दोन्ही मिळतात. आणि तेथवर पोहोचायला बरीच वर्षे लागतात.

तरुण मित्रांसाठी एक अभ्यास देऊन थांबतो. आय.एस.एम.बी. ३०० च्या मुख्य तुळईला आय.एस.एम.बी. २०० ची तुळई काटकोनात येऊन मिळते, दोहोंचा माथा एका पातळीत आहे. लहान तुळईची वरची फ्लँज कापून खाच घ्यावी लागेल. खाच किती लांब व किती खोल? मोठ्या तुळईच्या फ्लँजची रुंदी व जाडी, वेबची जाडी आणि वेब-फ्लँजच्या कोपऱ्याची गोलाई, एवढे आकडे पुस्तकातून काढा. खाचेचा आतला कोपरा काटकोनी न ठेवता गोल का ठेवावा, हेही एका ओळीत लिहा. पेन्सिलीने, पूर्ण कागदावर, सर्व मापांसह काढून पुढील रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात घेऊन या. मी लाल पेन्सिल घेऊन बसलेला असेन.