असीरगडचा धडा आणि आपला मंडप



सुरक्षा म्हटली की आपण कॅमेरे आणि कुलपे मोजू लागतो. पण त्याआधी चार प्रश्न विचारावे लागतात. जपायचे काय? धोका कोणाकडून? तो येणार कोणत्या वाटेने? आणि तो कळून मदत पोहोचेपर्यंत किती वेळ जाणार?

उदाहरण आपल्या उशाशीच आहे. लालबागेपासून साधारण वीस किलोमीटरवर असीरगड आहे. सातपुड्याचा डोंगर, एकामागे एक तीन तट. त्याला दख्खनचे दार म्हणत. तरी फरिश्ता लिहितो त्याप्रमाणे नसीरखान फारुकीने तो आसा अहिराकडून घेतला तो पालख्यांतून. बायकामुलांना आसरा द्या म्हणून पाठवलेल्या पालख्यांत हत्यारबंद शिपाई होते. पुढे 1601 च्या जानेवारीत गड अकबराच्या हाती आला. बहादूरशहा फारुकी बोलणी करायला खाली आला तो परत जाऊ शकला नाही. आत रोगराई होती, बाहेरून पैशाची लालूच होती. कारणांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मुख्य तट तोफांनी फोडावा लागला नाही. भिंत भक्कम होती, विचार मात्र भिंतीपुरताच झाला होता.

आता आपला मंडप पाहू. जपायची पहिली गोष्ट माणसे. मूर्तीचे दागिने आणि दानपेटी त्यानंतर. माणसांना चोरापेक्षा मोठा धोका उघड्या जोडाच्या वायरीचा, कापडाला लागणाऱ्या आगीचा आणि आरतीच्या वेळी एकाच दाराशी होणाऱ्या रेटारेटीचा. म्हणून दुसरे दार हवे, आणि ते चपलांनी अडलेले नको.

दानपेटीचे कुलूप फोडायला पाच मिनिटे लागत असतील आणि पहारेकरी दहा मिनिटांनी फेरी मारत असेल, तर ते कुलूप असून नसल्यासारखे. सकाळी पाहिला जाणारा कॅमेरा पुरावा देतो, चोरी थांबवत नाही. पेटी रोज रात्री दोघांसमोर मोजून रिकामी केली, तर चोराला मिळण्यासारखे काही उरत नाही, आणि आपल्याच माणसावर संशयही येत नाही.

कार्यकर्त्यांनी एक कागद घेऊन या चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मग एकाने चोराच्या आणि एकाने घाबरलेल्या म्हाताऱ्या भक्ताच्या नजरेने मंडपात फिरून यावे. खरेदीची यादी त्यानंतर करावी; बहुधा ती छोटीच निघेल.

गणपती बाप्पा मोरया!