जांघेतली नाडी आणि सर्जनची नोंदवही



साठ-सत्तर वर्षांपूर्वी परळच्या केईएम रुग्णालयात काही रुग्ण असे येत, की ज्यांचा दंड एक सांगे आणि पाय दुसरंच. वय कोवळं, पुष्कळदा तरुण मुलगी. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला तर भलताच चढलेला. पाय मात्र चार पावलं चाललं की भरून येत, आणि जांघेत बोटं ठेवली तर नाडी अगदी क्षीण, कधी लागतच नसे. पाठ्यपुस्तकात याला उत्तर होतं: महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच सुरुवातीच्या वळणापाशी चिंचोळी असते. पण या रुग्णांमध्ये ती तिथे चिंचोळी नव्हती. अडचण बरीच खाली होती, छातीच्या खालच्या भागात किंवा पोटात.

केईएमचे हृदय-छाती शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी पुस्तकाला प्रमाण मानून हे रुग्ण ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवले नाहीत. त्यांनी आणि डॉ. जी. बी. परुळकर आदी सहकाऱ्यांनी रुग्णाची तपासणी, क्ष-किरण चित्रं, शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसलेलं आणि विकृतिशास्त्राच्या टेबलावर आढळलेलं, सगळं एकत्र मांडलं. १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला आणि त्या आजाराला नाव मिळालं: मिडल ॲओर्टिक सिंड्रोम. आज जगात कुठेही अशा रुग्णाचं निदान झालं, तर हेच नाव लिहिलं जातं. परळच्या वॉर्डात, मोफत उपचारांसाठी आलेल्या माणसांच्या जांघेवर ठेवलेल्या बोटांतून ते आलेलं आहे.

केईएमला जोडलेल्या ज्या महाविद्यालयात हे घडलं त्याचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं, ते देणगीदारांच्या एका अटीसह: इथले अध्यापक भारतीय असतील. तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या जागा बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर शिकवू शकतो, आणि नवं ज्ञानही निर्माण करू शकतो, हे दाखवण्याची जिद्द त्या भिंतींतच होती.

सेन यांच्या विभागात कुत्र्यांवरील प्रयोगांची शाळा जोरात चाले. त्यातला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बरंचसं थेट हृदयाच्या कप्प्यातून, बारीक पोकळ्यांमधून. माणसाच्या हृदयाला मात्र ते बाहेरून येणाऱ्या धमन्यांवाटे मिळतं, आणि धमनी तुंबली की स्नायू मरतो. मग माणसाच्या हृदयालाही सापासारखी सोय करून दिली तर? सेन, तेहेम्टन उदवाडिया, परुळकर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडून पाहिली आणि १९६५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. यातले उदवाडिया म्हणजे पुढे भारतात दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुजवणारे तेच. त्या काळी बायपास शस्त्रक्रिया रुळलेली नव्हती. पुढे अमेरिकेत सुईच्या जागी लेसर आला आणि १९९८ मध्ये त्या उपचाराला तिथली अधिकृत मान्यताही मिळाली. नंतर दिसलं, की पाडलेल्या वाटा पुष्कळशा बुजून जातात. रुग्णांची छातीतली कळ कमी झाली हे खरं, पण ती नेमकी कशामुळे, यावर वाद राहिला.

हा वाद समजायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. पन्नासच्या दशकात हृदयशूलावर एक साधी शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी एक धमनी दोन्हीकडे बांधून टाकायची. अडलेलं रक्त वाट काढत हृदयाकडे वळेल, असा तर्क. रुग्ण सांगत होते, बरं वाटतंय. १९५९ साली अमेरिकेत सिॲटलला डॉ. लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी सतरा रुग्ण घेतले. काहींची धमनी बांधली, काहींच्या फक्त त्वचेवर छेद दिला आणि टाके घातले. कोणाचं काय केलं, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्या डॉक्टरला. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. ती शस्त्रक्रिया लवकरच इतिहासजमा झाली. रुग्णांना या विभागणीची कल्पना दिलेली नव्हती, आणि आजची कोणतीही एथिक्स कमिटी ते मान्य करणार नाही, करूही नये. तरी त्या सतरा जणांनी पुढच्या कितीतरी लोकांना विनाकारण चिरफाडीतून वाचवलं, ही त्यांची देणगी विसरता येत नाही.

सेन यांचं नाव सामान्य वाचकाला आठवतं ते दुसऱ्याच कारणाने. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, ते केईएममध्ये झालं. जगातलं सहावं, आणि ते करणारे सेन चौथे सर्जन. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी दुसऱ्या रुग्णावर प्रयत्न झाला. तोही एक दिवस पुरता जगला नाही. त्यानंतर ते काम थांबलं. देशात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, आणि परकं हृदय शरीराने स्वीकारावं यासाठी लागणारी औषधं तेव्हा जगातच अपुरी होती. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मध्ये सव्वीस वर्षं गेली. सेन यांच्या त्या दोन रुग्णांना अपयशाच्या रकान्यात टाकून मोकळं होणं अन्यायाचं आहे. वर्षानुवर्षं प्राण्यांवर केलेली तयारी त्यामागे होती, आणि जे झालं ते जगापुढे उघड ठेवलं गेलं.

असंच उघडं अपयश तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या कहाणीत आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेले हजारो तरुण, आणि परदेशी कृत्रिम झडपेची न परवडणारी किंमत, हे डॉ. एम. एस. वलियाथन रोज पाहत होते. ते स्वतः हृदयशल्यविशारद. पण त्यांनी अभियंत्यांना आणि धातुतज्ज्ञांना सोबत घेतलं आणि देशी झडप करायला घेतली. हृदय वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडतं-मिटतं. झडपेच्या चकतीने आणि तिला धरणाऱ्या दांडीने हे सगळं सोसायला हवं. धातू बदलले, चकतीसाठी नीलमण्याचा स्फटिकसुद्धा वापरून पाहिला. नमुने तीन वेळा फसले. चौथ्यात चिवट प्लास्टिकची चकती आणि क्रोम-कोबाल्ट मिश्रधातूचा सांगाडा जमला. आधी यंत्रावर, मग मेंढ्यांमध्ये कस लागला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तिथेच न थांबता सहा केंद्रांत ३०६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. आजवर लाखाहून अधिक माणसांच्या छातीत चित्रा झडप बसवली गेली आहे.

आता तुमच्या काळाकडे. ‘बीटिंग हार्ट’ बायपासच्या पाट्या तुम्ही शहराशहरांत पाहिल्या असतील. हृदय थांबवून, यंत्रावर टाकून बायपास करावी की धडधडत्या हृदयावरच, यावरून सर्जनांमध्ये दोन तट होते आणि दोघेही आपापल्या अनुभवाची ग्वाही देत. शेवटी १९ देशांतल्या, त्यात भारतातल्याही, एकूण ७९ रुग्णालयांनी मिळून ४,७५२ रुग्णांची विभागणी केली, तीही चिठ्ठी टाकावी तशी. शस्त्रक्रिया करणारा सर्जन त्या पद्धतीत मुरलेला असावा, निदान शंभरावर शस्त्रक्रिया केलेला, अशी अट होती. नाहीतर नवख्या हाताचा दोष पद्धतीच्या माथी बसला असता. महिन्यानंतर, वर्षानंतर आणि पाच वर्षांनंतर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा दोन्ही पद्धतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

पाच वर्षांनंतर, हे शब्द इथे महत्त्वाचे. रुग्ण टाके काढून गावी गेला, की पुन्हा ओपीडीत येईलच असं नाही. तो मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवर असतो, त्याचा मोबाइल नंबर बदललेला असतो, ऊसतोडीला कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेलेलं असतं. केसपेपरवर पत्ता नीट लिहिलेला असेल, शेजाऱ्याचा आणखी एक नंबर घेतलेला असेल, तरच त्याचं पुढे काय झालं हे कळतं. हा पत्ता लिहिणारा माणूस सहसा प्राध्यापक नसतो. रात्री दोन वाजता ॲडमिशन घेणारा इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट असतो. एमएसचा थिसिस परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत जुन्या फायलींवरून जुळवला जातो, ही आपल्याकडची मोठी खंत आहे, कारण त्या फायलींत जे लिहिलंच गेलं नाही ते नंतर कोणालाही सापडत नाही.

विद्यार्थ्याच्या हाती किती असतं, हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एव्हर्ट्स ग्रॅहम आणि अर्न्स्ट विंडर यांच्या गोष्टीत दिसतं.

ग्रॅहम हे छातीच्या शस्त्रक्रियेतलं फार मोठं नाव. पहिल्या महायुद्धात लष्करी छावण्यांमध्ये न्यूमोनियानंतर सैनिकांच्या छातीत पू भरे, आणि सर्जन तातडीने छाती उघडून तो काढून टाकत. ‘पू दिसला की वाट करून दे’ हे जुनं शिकवणं. पण मरणाऱ्यांचं प्रमाण सरासरी तीस टक्क्यांच्या घरात होतं. ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आजार तीव्र असताना छाती उघडली तर हवा आत शिरून फुप्फुसं दबतात आणि त्यानेच रुग्ण दगावतो. सुईने पू ओढून घ्या, तो दाट होईपर्यंत थांबा, मग उघडा. जिथे हे पाळलं गेलं तिथे मृत्यू पाच टक्क्यांखाली आले. १९३३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी काढून रुग्ण जगवला, तो असा पहिलाच. रुग्ण होता पिट्सबर्गचा एक प्रसूतितज्ज्ञ.

ग्रॅहम स्वतः सिगारेटचे शौकीन. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असं कोणी म्हटलं, की ते उडवून लावत. सिगारेटच्या खपाबरोबर नायलॉनच्या मोज्यांचा खपही वाढलाय, म्हणत. त्यांच्या महाविद्यालयात विंडर नावाचा, नाझी जर्मनीतून कुटुंबासह निघून आलेला विद्यार्थी शिकत होता. सुट्टीत न्यूयॉर्कला असताना त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन पाहिलं आणि त्या माणसाच्या पत्नीकडून कळलं, की तो दिवसाला दोन पाकिटं ओढत असे. कागदपत्रांत तंबाखूची नोंद क्वचितच असे. कारण कोणी विचारतच नव्हतं. विंडरने रुग्णांना विचारायचं ठरवलं आणि परवानगीसाठी तो ग्रॅहमकडे गेला.

ग्रॅहमना त्याचं म्हणणं पटलेलं नव्हतं. तरी त्यांनी त्याला आपले रुग्ण दिले, आपलं नाव दिलं, आणि इतर रुग्णालयांतूनही माहिती मिळवण्याची वाट मोकळी करून दिली. मे १९५० मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६०५ पुरुष रुग्णांपैकी ९६.५ टक्के जण मध्यम ते अतिप्रमाणात ओढणारे निघाले. रुग्णालयातल्या इतर पुरुषांत ते प्रमाण ७३.७ टक्के होतं. पुढे तंबाखूचा चिकटा उंदरांच्या पाठीवर फासून कर्करोग होतो हेही दोघांनी मिळून दाखवलं. पाचच वर्षांत, १९५५ मध्ये, मुंबईत केईएमच्या शेजारच्या टाटा स्मारक रुग्णालयातून डॉ. एल. डी. सांघवी, राव आणि डॉ. वसंत खानोलकर यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. इथला प्रश्न इथल्या सवयींचा होता: तंबाखू खाता की ओढता? आणि उत्तर तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगांत सापडलं.

ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. पन्नास वर्षांच्या सवयीपुढे ते सोडणं उशिराचं ठरलं. १९५७ च्या सुरुवातीला त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, आणि मार्चमध्ये ते गेले. पिट्सबर्गचा तो प्रसूतितज्ज्ञ तेव्हा हयात होता. एका फुप्फुसावर तो आणखी सहा वर्षं, १९६३ पर्यंत जगला.