सायकलीला जागा हवी

आज सायकलीविषयी चार शब्द बोलायचे आहेत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपला मोलगीचा मुलूख डोंगराचा. देवगोईचा घाट सायकलने कोण चढतो?" खरे आहे. पण आपली मुले आता शहरात शिकायला जातात, कामाला जातात. तिथे चार-पाच मजली इमारतीत चौघे मिळून एक खोली घेतात. रोज बसला पैसे कुठून आणायचे? मग जुनी सायकल घेतात. त्या सायकलीवर त्यांचे पोट चालते.

माझा एक विद्यार्थी असाच शहरात गेला. पहाटे घरोघर पेपर टाकायचा, मग कॉलेजात जायचा. सायकल जिन्याखाली ठेवायचा. एक दिवस सोसायटीच्या चिटणिसांनी हटकले, "इथे सायकल ठेवायची नाही." त्याने ती फाटकाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली. मागच्या चाकाला कुलूप होते. तिसऱ्या दिवशी सायकल नाही! कुलूप तोडायची गरजच नव्हती. चोराने ती उचलूनच नेली.

पेपरची लाइन गेली. फीचे पैसे अडले. पोराने पिशवी भरली आणि मला फोन केला, "गुरुजी, मी परत येतो."

मी म्हटले, "अरे, थांब. मीच येतो."

मी गेलो तो रागातच. चिटणिसांनी मला बसवले, पाणी दिले. म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा. रात्री आग लागली तर माणसे जिन्यानेच खाली पळणार. तिथे सायकली असल्या तर काय होईल?"

माझा राग निवाला. त्यांचे बरोबर होते. जिना मोकळाच हवा. पण मी म्हटले, "जिन्यात नको, पटले. मग कुठे ठेवायची ते सांगा. मोटारींना तुम्ही रेघा मारून जागा दिली. सायकलीला नुसते 'नको' दिले." ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्ज द्या. सभेत मांडू."

मंडळी, ही सभा काय असते, ते नीट ऐका. महाराष्ट्रात सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. वाहने कुठे ठेवायची, याचे नियम ही सभा ठरवते. भाडेकरूला तिथे मत नसते. म्हणून आम्ही घरमालकाच्या सहीने अर्ज दिला. आणखी काही घरांनीही सह्या केल्या. सायकली त्यांच्या मुलांच्याही होत्या ना!

पाण्याच्या पंपाशेजारी एक कोपरा रिकामा होता. तिथे लोखंडी नळ सिमेंटमध्ये पक्के बसवले. वर पत्रा घातला, एक दिवा लावला. मोटारीच्या एका जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. खर्च घरोघर वाटला, तर कोणालाच जड गेला नाही.

पोराला पेपरची लाइन परत मिळाली नाही. त्याने दुसरे काम धरले, दुसरी जुनी सायकल घेतली. ती टिकली. शिक्षणही पुरे झाले.

हॉलंड देश श्रीमंत आहे. तरी तिथे साहेब आणि मजूर दोघेही सायकलवर जातात. नव्या घराला सायकल ठेवायची जागा द्यावी, असे तिथल्या २०१२ सालच्या बांधकाम नियमांतच लिहिले. उट्रेख्त शहरात रेल्वे स्टेशनाजवळ १२,५०० सायकलींचा तळ २०१९ साली पुरा झाला. म्हणजे सायकलीला जागा मागण्यात लाज कसली?

आता तुम्ही लिहा-वाचायला शिकला आहात. तर तीन गोष्टी करा. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, तो वहीत उतरवा आणि पावती जपून ठेवा. चोरीची तक्रार देताना दोन्ही कामी येतात. दुसरे, नुसत्या चाकाच्या कुलपावर विसंबू नका. साखळी सांगाड्यातून आणि पक्क्या खांबाभोवती घाला. तिसरे, जागा नसेल तर भांडू नका, अर्ज लिहा. एकट्याने नव्हे, शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन.

आपल्या मुलींना शाळेसाठी सरकारी योजनेतून सायकली मिळतात. त्या पावसात अंगणात पडून गंजू देऊ नका. आधी आपल्या पडवीत तिला जागा करा. मग शहरात मागायला तोंड राहील.